वीजपेटी आणि यत्नाचार

बेळगाव-निपाणीच्या व्यापारी बंधूंना पावसाळ्यात वीज जाणे नवीन नाही. पूर्वी अशा वेळी कंदील पेटत, पुढे जनित्रे आली. आता बॅटरीची वीजपेटी, म्हणजेच 'पोर्टेबल पॉवर स्टेशन', बाजारात मिळते. जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत प्राणघातक ठरतो; म्हणून जनित्र घरात कदापि चालवू नये. वीजपेटीला धूर नाही, म्हणून ती घरात चालते. परंतु धूर नाही म्हणून धोकाही नाही, असे मात्र नव्हे.

१९९१ साली प्रथम बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी हा या पेटीचा प्राण होय. अल्प जागेत पुष्कळ ऊर्जा साठविणे हा तिचा गुण, आणि भयाचे मूळही तेच. पेटी आपटली, भिजली, अति तापली किंवा भलत्याच चार्जरला जोडली, तर आतील उष्णता स्वतःच वाढत जाते व विषारी, ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी त्या मानाने अधिक स्थिर असते. खरेदी करताना तीच मागावी.

पेटी कठीण, कोरड्या व मोकळ्या जागी ठेवावी. गादी-लोडांवर ठेवल्यास तिचे झरोके बुजतात. तंबाखूच्या पोत्यांच्या थप्पीजवळ, जिन्याखाली किंवा एकुलत्या दाराशी ती नसावी. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटच अडेल. चार्जिंग घरची माणसे जागी असताना, पेटीसोबतच्या चार्जरनेच करावे. पेटीची तार भिंतीतील सॉकेटला जोडून घरभर वीज खेळवू नये. ती उलट बाहेरच्या तारांत जाऊन लाइनमनचा जीव घेऊ शकते.

शक्तीचा हिशेबही ठेवावा. १००० वॅट-तासांच्या पेटीवर १० वॅटचे चार दिवे व ६० वॅटचा एक पंखा कागदावर १० तास चालतात, प्रत्यक्षात सुमारे ८. इस्त्री किंवा शेगडी तिला जोडू नये.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्याने महापूर अनुभवला. पुरात भिजलेली पेटी वाळवून पुन्हा वापरू नये. अशी बॅटरी काही दिवसांनंतरही पेट घेऊ शकते. पेटी फुगली, उग्र वास आला किंवा फुसफुस ऐकू आली, तर ती उचलण्याच्या फंदात न पडता सर्वांनी बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे व ११२ क्रमांकावर कळवावे.

वस्तू उचलताना व ठेवताना जीवहिंसा घडू नये, यासाठी आपल्या धर्माने मुनींना आदाननिक्षेपण समिती सांगितली आहे. श्रावकाने तिचा आशय आपल्या पेढीवर व वखारीत पाळला, तर धनाचे रक्षण होईलच; त्याहून मोलाचे म्हणजे घरच्यांचे व वखारीत राबणाऱ्या कामगारांचे प्राण सुरक्षित राहतील.