ठरावापासून पावतीपर्यंत : नगरपालिकेचा कारभार कसा चालतो?

नळाला पाणी आले नाही, घंटागाडी फिरकली नाही, गल्लीतला दिवा महिनाभर बंद आहे, बाळाचा जन्मदाखला हवा आहे. छोट्या शहरातल्या माणसाचे सरकारशी जे रोजचे नाते असते, ते बहुतेक सगळे नगरपालिकेशीच असते. दिल्ली-मुंबईच्या राजकारणावर पारावर तासन्‌तास चर्चा होते. पण आपल्या नगरपालिकेची मागची सभा कधी झाली, तीत काय मंजूर झाले, हे विचारले तर फार थोड्यांना सांगता येते. खरे तर हा कारभार समजायला अवघड नाही. तो ठराव, टिपणी, देयक आणि पावती अशा मोजक्या कागदांवर चालतो. ते कागद कुठे तयार होतात आणि कुठे अडतात हे कळले, की प्रश्न नेमका कोणाला विचारायचा हेही कळते.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रातल्या नगरपालिका ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्याने चालतात. एक लाखाहून जास्त लोकसंख्येची नगरपरिषद ‘अ’ वर्गात, चाळीस हजार ते एक लाखाची ‘ब’ वर्गात आणि त्याखालची ‘क’ वर्गात मोडते. गावपण मागे टाकून शहर होऊ घातलेल्या ठिकाणी नगरपंचायत असते.

१९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेत स्थान दिले. पाच वर्षांची मुदत ठरली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नमूद झाले. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, स्वच्छता, आग विझवणे, जन्म-मृत्यूची नोंद ही नगरपालिकेची आवश्यक कर्तव्ये आहेत. बाग, नाट्यगृह, जलतरण तलाव ही ऐच्छिक कामे. तिजोरीत पैसे कमी असताना आधी काय करायचे, याचे उत्तर या विभागणीतच आहे.

निवडून आलेले आणि नेमलेले

कारभाराच्या दोन बाजू आहेत. एका बाजूला लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष आणि नगरसेवक. नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांनी करायची की नगरसेवकांनी, हा नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलला. सध्या निवड थेट होते. जागांपैकी निम्म्या महिलांसाठी राखीव असतात. दुसऱ्या बाजूला राज्य शासनाने नेमलेला मुख्याधिकारी आणि त्याच्या हाताखालचे विभाग : कर, पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, लेखा, आस्थापना.

धोरण सभेने ठरवायचे आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याने करायची, अशी ही वाटणी आहे. नगरसेवक स्वतः कुणाला नळजोडणी मंजूर करू शकत नाही, आणि मुख्याधिकारी मनाने नवा कर लावू शकत नाही. सभेने बेकायदा किंवा लोकहिताला बाधक ठराव केला, तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम ३०८ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे.

ही रचना मोडली की काय होते, हे राज्याने नुकतेच अनुभवले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, निवडणुका लांबल्या आणि मुदत संपलेल्या नगरपालिकांवर प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी मतदान झाले. मधल्या काळात कामे चालूच होती. पण ज्या विषयावर वीस-पंचवीस माणसांनी बाजू मांडायची, त्यावर एकट्या अधिकाऱ्याची सही पुरे होत होती. ‘हे काम आमच्या प्रभागात का नाही?’ असे सभेत उभे राहून विचारणारे कुणी उरले नव्हते.

सभा : विषयपत्रिका ते इतिवृत्त

साधारण सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यावी लागते. तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी, तर विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी द्यायची असते. नोटिशीसोबत विषयपत्रिका येते. पहिला विषय ठरलेलाच : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यानंतर एकेक विषय. अमुक प्रभागात आर.सी.सी. गटार बांधणे, आठवडे बाजाराच्या फीवसुलीचा ठेका देणे, जलशुद्धीकरण केंद्रासाठी तुरटी व ब्लिचिंग पावडर खरेदी करणे, नाट्यगृहाचे भाडे ठरवणे. शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’.

हा शेवटचा विषय नागरिकाने सर्वात बारकाईने पाहावा. सात दिवसांची नोटीस असते ती सदस्यांना अभ्यास करता यावा म्हणून. मोठ्या खर्चाचा विषय आयत्या वेळी आला, तर त्या अभ्यासालाच फाटा मिळतो.

प्रत्येक विषयामागे विभागाची टिपणी असते : काम काय, गरज काय, अंदाजे खर्च किती, तो कोणत्या लेखाशीर्षातून करायचा. चर्चेनंतर सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह ठराव लिहिला जातो आणि त्याला क्रमांक पडतो. पुढे कुठल्याही टेबलावर हा क्रमांकच विचारला जातो. आपल्या गल्लीच्या कामाचा ठराव क्रमांक व तारीख हाताशी असेल, तर ‘बघू, करू’ या उत्तरावर परत फिरावे लागत नाही.

ठराव झाला म्हणजे काम झाले का?

नाही, आणि याचा सर्वात मोठा धडा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्यावर पाणी भरण्याची सोय कुणी करून दिली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी तिथले पाणी प्राशन केले. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ उजाडले.

एका छोट्या गावाच्या नगरपालिकेतला ठराव इतका मोलाचा असू शकतो, आणि त्याच्या अंमलासाठी लोकांनाच उभे राहावे लागते.

पैसा कुठून येतो?

पूर्वी जकात हे नगरपालिकांचे हुकमी उत्पन्न होते. १९९९ साली नगरपालिका क्षेत्रातली जकात बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. आज स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजार फी आणि बांधकाम परवानगीचे शुल्क. बाकीचा पैसा वित्त आयोग, नगरोत्थान योजना आणि जिल्हा नियोजन समिती यांच्याकडून येतो, तोही बहुधा ठरावीक कामांसाठीच. म्हणून रस्त्याला निधी आहे पण पंपाच्या वीजबिलाला नाही, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते.

अर्थसंकल्पाची विशेष सभा बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीत होते. वर्तमानपत्रांत ‘इतक्या कोटींचे शिलकी अंदाजपत्रक’ अशी बातमी येते. त्या आकड्यापेक्षा गेल्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. कोणते काम दरवर्षी अंदाजपत्रकात येते आणि दरवर्षी तसेच राहते, ते लगेच दिसते.

घरपट्टीचे गणित

घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल, याचा अंदाज काढतात. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरते आणि त्यावर कराचे दर लागतात. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. तेव्हा यादी प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात आणि सुनावणी होते.

बहुतेक लोक बिल हातात पडल्यावर जागे होतात, तोवर हरकतीची मुदत टळून गेलेली असते. नोटीस मिळताच खोल्यांची मापे, बांधकामाचा प्रकार आणि वापर (राहता की व्यापारी) तपासून घ्यावा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : घरपट्टीची पावती हा मालकी हक्काचा पुरावा नव्हे. ती कर भरल्याची नोंद आहे.

पाणी

नदीतून किंवा धरणातून उचललेले पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येते. तुरटीने गाळ बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते, क्लोरीन मिसळला जातो आणि मग ते उंच टाकीत चढते. तिथून व्हॉल्व्हमन लांब चावीने एकेका भागाचा व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा त्या गल्लीला पाणी सुटते.

पाणी पिण्याजोगे आहे का, याची झटपट खूण म्हणजे ओ.टी. टेस्ट. नळाचे थोडे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळी छटा आली की क्लोरीन उरला आहे. ती छटा तक्त्यावरच्या रंगांशी ताडून पाहतात. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, असा मापदंड आहे. टाकीजवळच्या घरात रंग येणे सोपे असते, म्हणून पाइपलाइनच्या शेवटच्या घरातली तपासणी खरी महत्त्वाची. पावसाळ्यात आपल्या भागात ही तपासणी होते का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

मनमाडसारख्या शहराने अनेक उन्हाळे पंधरा-पंधरा दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर काढले. उलट कराडशेजारच्या मलकापूरने प्रत्येक जोडणीला मीटर बसवून आणि जास्त वापराला जास्त दर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. मलकापूर ही लहानशी संस्था, तिच्यापाशी महानगराचा पैसा नव्हता. मोजून पाणी द्यायचे आणि गळती शोधायची, ही शिस्त मात्र तिने धरली.

कचरा

घंटागाडी, मुकादम, स्वच्छता निरीक्षक अशी ही साखळी. तिचे यश घरातच ठरते : ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा दिला तर ओल्याचे खत होते आणि सुक्याला भंगारात किंमत येते. एकत्र दिला तर डेपोवर डोंगर वाढतो. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने कचऱ्याचे काटेकोर वर्गीकरण केले आणि जिथे नाक दाबून जावे लागे, ती डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी केली. सफाई कामगारांना हातमोजे, बूट आणि वेळेवर पगार देणे हाही याच कामाचा भाग आहे. हे झाले नाही, तर स्वच्छतेच्या पुरस्काराला काही अर्थ उरत नाही.

रस्ता आणि मोजमाप पुस्तिका

रस्त्याचे काम शासकीय दरसूचीवरून केलेल्या अंदाजपत्रकाने सुरू होते. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश. काम सुरू झाल्यावर अभियंता लांबी, रुंदी, जाडी मोजून मोजमाप पुस्तिकेत लिहितो. या पुस्तिकेला कार्यालयात सगळे ‘एम. बी.’ म्हणतात, आणि तिच्यातल्या आकड्यांवरच ठेकेदाराचे देयक निघते. अंदाजपत्रकात काँक्रीटचा थर जितका धरला आहे, तितका रस्त्यावर आहे का, हे टेपने मोजता येते. ठरलेल्या मुदतीत रस्ता उखडला, तर तो स्वखर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदाराची असते. ती मुदत निविदेतच लिहिलेली असते.

दाखले

जन्म किंवा मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी. त्यानंतर विलंब शुल्क लागते आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा आहे. त्यामुळे बाळाच्या आणि आईवडिलांच्या नावाचे स्पेलिंग पहिल्याच दिवशी तपासावे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि ती कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. अर्जाची पोच घ्या. मुदत टळली तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

नागरिकाने काय करावे?

तोंडी तक्रार हवेत विरते. अर्ज लेखी द्यावा, आवक-जावक विभागात त्यावर शिक्का आणि क्रमांक घ्यावा. ठराव, अंदाजपत्रक, एम. बी. यांच्या प्रती माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. प्रतींचा खर्च वेगळा भरावा लागतो.

सगळ्या शहराचा भार एकट्याने उचलण्याची गरज नाही. पुढच्या सभेची विषयपत्रिका मिळवा, तीतला आपल्या प्रभागाचा एक विषय निवडा, त्याचा ठराव क्रमांक लिहून ठेवा आणि काम पुरे होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करा. प्रत्येक प्रभागात असे दोन-चार नागरिक जरी निघाले, तरी नगरपालिकेचा कारभार सुधारल्याशिवाय राहणार नाही.