सोडियमची जागा

इंदापूरकडच्या एखाद्या चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या रानातले ढेकूळ उचला आणि काचेच्या ग्लासात, पावसाच्या पाण्यात सोडा. ढेकूळ फुटते, विरते, आणि पाणी दिवसभर गढूळच राहते. त्यात चिमूटभर जिप्सम टाकून ढवळा. हळूहळू गाळ एकमेकाला धरतो, तळाशी बसतो आणि वर निवळ पाणी उरते. आपल्या आज्या पाण्यात तुरटी फिरवायच्या, त्यातलाच हा प्रकार.

मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. त्यांना सोडियमचे आयन, म्हणजे भारित कण, बिलगले की कण एकमेकांपासून फाकतात. जिप्सममधले दुहेरी भाराचे कॅल्शियम आले की ते पुन्हा जवळ येतात. 1885च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणी पट्ट्यात ऊस उभा राहिला. पण निचरा नसलेल्या काळ्या रानात पाण्यामागून क्षारही वर आले. हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे या कृषितज्ज्ञांनी 1910 साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. आज इथला शेतकरी जाणतो, की खत नुसते टाकून भागत नाही. ते पिकाला लागू पडेल की नाही, यात जमिनीतल्या क्षारांचा मोठा वाटा असतो.

आपल्या मज्जासंस्थेतही क्षारांचा असाच अंमल चालतो. एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे जातो तो बहुधा रसायनाच्या रूपाने. घेणाऱ्या पेशीवर त्यासाठी खास प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत रिसेप्टर. कुलूप आणि किल्ली ही उपमा आपण शाळेत शिकलो. मात्र हे कुलूप लोखंडी नाही. आजूबाजूच्या आयनांप्रमाणे ते आपला आकार बदलते.

1973 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट ही संशोधक विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक सॉलोमन स्नायडर यांनी उंदरांच्या मेंदूच्या लगद्यात अफूच्या औषधांचा ग्राही दाखवून दिला. नॅलोक्सोन हे अफूचा असर उतरवणारे औषध किरणोत्सारी करून ते कुठे चिकटते, हे त्यांनी मोजले. पुढे त्याच प्रयोगशाळेत लगद्याच्या द्रावणात सोडियम वाढवून पाहिले, तेव्हा मोठी विलक्षण गोष्ट दिसली. मॉर्फिनसारखी, ग्राहीला कामाला लावणारी औषधे आता कमी चिकटू लागली; नॅलोक्सोनची पकड मात्र वाढली. लिथियमने हेच केले, पोटॅशियमने केले नाही. मँगनीज आणि मॅग्नेशियमने उलट मॉर्फिनच्या जातीच्या औषधांची बाजू घेतली. औषधे तीच, ग्राही तोच. फरक फक्त क्षारांचा होता.

हा सोडियम नेमका बसतो कुठे? 2012 साली अ‍ॅडेनोसिनच्या एका ग्राहीची रचना इतक्या बारकाईने टिपली गेली, की त्याच्या पोटातला सोडियमचा एकच कण पाण्याच्या रेणूंच्या गराड्यात बसलेला दिसला. दोन वर्षांनी अफूच्या एका ग्राहीतही तो तसाच सापडला. सोडियम या जागेवर असतो तोवर ग्राही शांत राहतो. ग्राही जागा होताना त्याला तिथून हलावे लागते.

आयनांची ही शिस्त बिघडली तर काय होते, हे महाराष्ट्राने लाल विंचवाच्या रूपाने पाहिले आहे. उसाच्या पाचटात, दगडाखाली, सरपणात हा विंचू दडून असतो. त्याचे विष चेतातंतूंवरचे, सोडियमला आत घेणारे दार वेळेवर मिटू देत नाही. मग तंतू निरोपामागून निरोप सोडत राहतात, अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीची रसायने रक्तात उसळतात आणि रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा ग्राहींवर तुटून पडतात. रुग्ण घामाने निथळतो, वांत्या होतात, हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो, हृदय थकते, आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरते.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. 1982 साली त्यांनी धोक्याची आरंभीची लक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवली. प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी अल्फा ग्राहीची जागा अडवते, म्हणून त्यांनी ती विंचूदंशात वापरली. 1986 साली ‘लॅन्सेट’नेच तो अनुभव छापला. पूर्वी गंभीर दंशात शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. हे प्रमाण एकाच्या आसपास आले.

तरी ते तिथे थांबले नाहीत. गोळी ग्राहीचे रक्षण करते, पण अंगात फिरणारे विष सोडियमच्या दाराशी गोंधळ घालतच राहते. ते विष निकामी करायला प्रतिविष हवे. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी सत्तर रुग्णांवर केलेली चाचणी 2011 साली प्रसिद्ध झाली. नुसते प्राझोसिन घेतलेल्या 35पैकी 8 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. प्रतिविषाची जोड मिळालेल्या 35पैकी 32.

म्हणून ऊसतोडीच्या दिवसांत कोपीत कुणाला विंचू चावला आणि त्याला दरदरून घाम सुटला, तर मांत्रिकाकडून उतारा करण्यात एक घटकाही दवडू नये. थेट दवाखाना गाठावा. चोपण रानात खताआधी जिप्सम आणि निचरा पाहावा लागतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या 8 आणि 32 मधले अंतर वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.