नव्या पुस्तकावर जगणारं वाद्य

‘चाक तर फिरवायचं, त्यात शिकायचं काय?’ हे मला मिरजेतल्या नातेवाइकांनी विचारलं, तसंच नेदरलँड्समधल्या शेजाऱ्यांनीही. रस्त्यावरचा ऑर्गन पाहिला की असं वाटणं साहजिक आहे. गाड्यावर चढवलेलं, माणसाहून उंच, रंगीत नक्षीचं कपाट. दर्शनी बाजूला घंटा वाजवणाऱ्या लाकडी बाहुल्या. मागे मोठं चाक फिरवणारा एक माणूस आणि आतून अख्ख्या बँडचा आवाज. मग वाजवतं कोण? वाजवतो तो पुठ्ठा, आणि त्या पुठ्ठ्यावर आधीच चाल बांधून ठेवणारा संगीतकार. इथे त्याला ‘नोटर’ म्हणतात. शनिवारी मी चाक फिरवते, पण माझा जीव रमतो तो या बांधणीत.

मी बाजाच्या पेटीवर वाढले. भजन, कीर्तन, शाळेची स्नेहसंमेलनं, जिथे साथ लागेल तिथे पेटी घेऊन बसायचे. उट्रेख्तला राहायला आल्यावर ‘म्युझियम स्पेलक्लोक’ पाहिलं. आपोआप वाजणाऱ्या वाद्यांचं हे संग्रहालय १९८४पासून ब्यूरकेर्क या मध्ययुगीन चर्चच्या इमारतीत आहे. तिथला ऑर्गन सुरू झाला आणि भात्याचा तो ओळखीचा श्वास ऐकून मी जागची हलले नाही. पेटीत हवा पितळी सुरांना हलवते, इथे ती लाकडी नळ्यांत शिरते, एवढाच काय तो फरक.

आतली रचना अशी असते. जाड पुठ्ठ्याचं लांबलचक पुस्तक, घडीवर घडी घातलेलं, एका बाजूने यंत्रात शिरतं आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा घड्या होऊन बसतं. पुठ्ठ्याखाली धातूच्या बारीक चाव्यांची रांग असते. छिद्र आलं की त्या जागेची चावी वर उचलली जाते, हवेची वाट उघडते आणि नळी बोलते. छिद्र संपलं की चावी दाबली जाते, सूर थांबतो. छिद्राची जागा म्हणजे सूर, छिद्राची लांबी म्हणजे त्या सुराचा काळ. सोलापुरी चादरीवर नक्षी उमटवणाऱ्या जकार्ड मागाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी हुकूम मिळतो ना, तोच विचार इथे गाण्याला लावला आहे.

पॅरिसच्या गाविओली कंपनीने या पुस्तकाच्या पद्धतीचं पेटंट १८९२ साली घेतलं. त्याआधी चाली लाकडी रुळावर खिळे ठोकून बसवत. रूळ जड, महाग, आणि एका रुळावर मोजक्याच चाली मावायच्या. पुस्तकाने हे सगळं बदललं. आज लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं थोड्याच दिवसांत रस्त्यावर वाजू लागलं. ॲमस्टरडॅममध्ये लेऑन वार्निसने १८७५पासून ऑर्गन भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. ऑर्गनवाला सकाळी वाद्य घेऊन निघायचा आणि पैसे जमवत गल्लीबोळ फिरायचा. पुढे कार्ल फ्राय हा जर्मन कारागीर ब्रेडा गावी आला, तिथे १९२० साली त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि डच ऑर्गनला त्याचा खास आवाज दिला. नळ्यांच्या दोन ओळी एकमेकींपासून किंचित हलवून सुरात लावायच्या. मग दोन्ही मिळून जो स्वर येतो तो हेलकावत येतो, एखाद्या गायकाच्या भरल्या गळ्यासारखा. फ्राय वाद्यं बनवायचा आणि त्यांच्यासाठी चालीही स्वतः बांधायचा. त्याच्या ७२ आणि ९० चाव्यांच्या ऑर्गनांवर इथले रसिक आजही जीव टाकतात.

आता चाकाबद्दल. तेच चाक भाता चालवतं आणि तेच पुस्तक पुढे ओढतं, त्यामुळे लय सगळी फिरवणाऱ्याच्या खांद्यात असते. जोरकस जागा आली की हात आपोआप पळू लागतो आणि गाणंही पळू लागतं. तिथेच हात धरून ठेवायला शिकावं लागतं. आता बऱ्याच ऑर्गनांना मोटर बसवलेली असते. तरी हाताने फिरवताना कडव्याच्या शेवटी लय किंचित सैल सोडता येते, ते सुख मोटरला नाही. शेजारी जोडीदार पितळी डबा घेऊन उभा असतो. तो नाणी त्याच लयीत खुळखुळवतो, आणि ऐकणाऱ्याला तो डबाही वाद्यवृंदातलाच वाटतो.

बांधणीची सुरुवात सुरांच्या तक्त्यापासून होते. प्रत्येक ऑर्गनचा तक्ता वेगळा. त्यात खर्जाच्या नळ्या असतात, साथीच्या, मुख्य चालीच्या आणि मोठ्या ऑर्गनमध्ये मुख्य चालीला प्रतिसाद देणाऱ्या जोडचालीच्याही. शिवाय ढोल, ताशा, झांज यांच्या चाव्या, आणि एक आवाज बंद करून दुसरा उघडणाऱ्या चाव्याही त्याच पुस्तकातून चालतात. वीस सुरांच्या हातऑर्गनमध्ये सप्तकातले बाराही सूर नसतात. म्हणून पहिला प्रश्न असतो, पट्टी कोणती धरायची? कुठल्या पट्टीत चाल जास्तीत जास्त शाबूत राहते, आणि जो सूर नाहीच त्याच्या जागी काय करायचं?

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. नळीचा आवाज दाबून लहानमोठा करता येत नाही. ती बोलते किंवा गप्प बसते. मग सम ठळक कशी करायची? समेच्या आधीचा सूर थोडा आखूड कापायचा. मधे जी इवलीशी शांतता पडते, तिच्यामुळे सम उठून दिसते. तोच सूर लागोपाठ तीनदा हवा असेल तर दोन छिद्रांमध्ये पुठ्ठ्याची पट्टी ठेवावी लागते. ती फार अरुंद झाली तर तिन्ही सूर चिकटून एकच लांब सूर ऐकू येतो, फार रुंद झाली तर चाल ठेचकाळते. ढोलाच्या टिपऱ्याला पडायला क्षणभर लागतो, म्हणून त्याचं छिद्र केसभर आधी पाडायचं. मला शिकवणारे सत्तरीचे नोटर एकच सांगायचे, ‘आधी तोंडाने गा. जिथे श्वास घेशील तिथे पुठ्ठा कोरा ठेव.’

आपल्या चाली यावर बसतात का? मींड बसत नाही, ती पेटीवरही निघत नाही. पण भूपातलं नाट्यपद छान बसतं, कारण त्याचे पाचही सूर लहान ऑर्गनमध्येही मिळतात. भैरवीचे कोमल सूर नाहीत म्हणून अडायला नको. शुद्ध स्वरांच्या सप्तकात गंधारालाच षड्ज मानलं की भैरवीचे स्वर हाती येतात. मूर्च्छनेचं हे गणित आपल्याकडचे जाणकार कधीचे जाणतात. अडचण येते ती खर्जात, कारण त्या नव्या षड्जाला पाठबळ द्यायला लागणारी जाड नळी लहान ऑर्गनमध्ये असेलच असं नाही. तिथे खर्ज गप्प ठेवते आणि ठेका ढोलाकडे सोपवते. उट्रेख्तच्या बाजारात अभंगाची चाल वाजली तेव्हा कुणालाही ती परकी वाटली नाही. लोक पायाने ठेका देत होते.

शिकायचं असेल तर सुरुवात लहान वाद्याने करावी. वीस सुरांच्या ऑर्गनची कागदी गुंडाळी पट्टी, पेन्सिल आणि धारदार सुरी घेऊन घरच्या टेबलावर कापता येते. संगणकावर चाल लिहून यंत्राकडून कापून घेण्याची सोयही आता आहे, पण पहिली काही गाणी हातानेच कापावीत. सुराचा काळ बोटांना कळतो. वाद्य बाहेर काढण्याआधी नगरपालिकेचे नियम विचारावेत, ते गावोगावी वेगळे असतात. १९५४मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रिंग फान ड्राइऑर्खलफ्रींडन’सारख्या रसिक मंडळांत जुनी माणसं मन लावून शिकवतात.

जुने ऑर्गन जपायला हवेतच. त्यांच्या नळ्या, भाते, बाहुल्या दुरुस्त करणारे कारागीर मोलाचे आहेत. पण हे वाद्य रस्त्यावर टिकलं ते लोकांच्या ओठांवरचं आजचं गाणं वाजवल्यामुळे. फ्रायने त्याच्या काळाची गाणी कापली, आपण आपल्या काळाची कापायला हवीत. पेटी, तबला, ढोलकी जाणणाऱ्या कुणालाही या कामाची अर्धी विद्या आधीच येत असते. उरलेली अर्धी शिकवायला रसिक मंडळांतली ही जुनी माणसं तयार आहेत, आणि त्यांना नव्या माणसांची खरोखर गरज आहे.