मसाल्याच्या डब्यातलं रसायन – भाग 7 : ओव्याचा जोर कुठवर?

गेल्या आठवड्यात लवंग झाली, आज ओवा. भज्यांच्या पिठात घालण्याआधी ओवा तळहातावर चुरडायचा, हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. बघून बघूनच हाताला ते वळण लागतं. दाणा भिंगाखाली धरला की या वळणामागचं कारण दिसतं. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर धण्या-जिऱ्यासारखं फळ आहे. त्याच्या अंगावर फिकट उभ्या कडा असतात, मधल्या खाचा बारीक पुरळ उठल्यासारख्या खरखरीत असतात आणि त्या खाचांखाली, सालीच्या आत, तेलाच्या नळ्या असतात. चुरडलं की नळ्या फुटतात आणि वास नाकात चढतो. न चावता पाण्याबरोबर गिळलेल्या ओव्यातलं बरंचसं तेल या नळ्यांतच अडकून राहतं.

ओव्यात हे तेल साधारण 2 ते 4 टक्के असतं. वाफेवर काढून थंड जागी ठेवलं की त्यात काचेसारखे खडे धरू लागतात. बाजारात त्यांना ओव्याचं फूल म्हणतात, रसायनशास्त्रात थायमॉल. तेलाचा निम्म्याच्या आसपास भाग याचाच असतो. युरोपात कास्पार नॉयमान यांनी 1719 मध्ये ते थाइम नावाच्या झुडपाच्या तेलातून वेगळं केलं. पण मोठ्या प्रमाणावर हवं तेव्हा ओव्याशिवाय चालेना. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा पोत्यांनी जर्मनीला जाई आणि तिथल्या कारखान्यांतून थायमॉल होऊन जगभर विकला जाई. 1914 मध्ये युद्ध पेटलं, तो रस्ता बंद झाला, तेव्हा कुठे आपल्याकडे थायमॉल काढण्याचे कारखाने उभे राहिले. पिकवायचं आपण आणि औषध विकत घ्यायचं परक्याकडून, हे आजही वाचताना बोचतं.

त्या काळी थायमॉलला एवढी मागणी होती ती आकडीच्या जंतांमुळे, म्हणजे हुकवर्ममुळे. हे जंत आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पितात आणि माणूस पांढराफटक पडतो. 1880 च्या सुमारास तुरिनचे डॉक्टर कॅमिलो बोत्सोलो यांनी त्यावर थायमॉल वापरून पाहिलं. 1909 पासून अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर यांच्या पैशातून जी मोठी जंतविरोधी मोहीम निघाली, तिचंही मुख्य औषध हेच होतं. मात्रा काही ग्रॅमची, त्यावर जुलाबाचं मीठ, आणि रोग्याला सक्त ताकीद: औषधाच्या दिवशी तेल-तूप नाही, दारू नाही. थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, पण स्निग्ध पदार्थांत आणि दारूत चटकन. त्यांच्या सोबतीने ते आतड्यातून रक्तात गेलं की विषबाधा होई, माणसं दगावतही. डॉक्टरांची सारी धडपड होती ती औषध आतड्यातच राहावं, जंताला भिडावं आणि बाहेर पडावं, यासाठी.

ओव्याकडे कसं पाहायचं ते मला या जुन्या ताकिदीतच सापडतं. थायमॉलला पाण्यापेक्षा स्निग्धाची ओढ जास्त, आणि जंतूच्या पेशीभोवतीचा पडदा स्निग्धच असतो. थायमॉल त्यात शिरतं, पडदा सैल होतो, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं आणि पेशीचं ऊर्जेचं गणित कोसळतं. मात्र त्यासाठी ते बऱ्यापैकी दाट असावं लागतं. प्रयोगशाळेत बहुतेक जीवाणू रोखायला मिलिलिटरमागे शेकडो मायक्रोग्रॅम लागतात. लिस्टरीनसारख्या चुळा भरायच्या औषधात थायमॉल 0.064 टक्के असतं, म्हणजे मिलिलिटरमागे 640 मायक्रोग्रॅम. तोंडात हे जमतं, कारण औषध आणि जंतू समोरासमोर असतात.

रक्तात काय होतं? 2002 मध्ये जर्मन संशोधकांनी 12 निरोगी माणसांना थाइमच्या अर्काची गोळी दिली. तिच्यात थायमॉल होतं सुमारे 1 मिलिग्रॅम. रक्तात मोकळं थायमॉल सापडलंच नाही. शरीराने त्याला सल्फेट जोडून टाकलं होतं आणि तेही भरात असताना मिलिलिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅमच्या आतच होतं. चिमूटभर, म्हणजे ग्रॅमभर ओव्यातून फार तर 10 ते 20 मिलिग्रॅम थायमॉल मिळतं. त्या हिशेबाने वीसपट धरलं तरी आकडा 2 च्या पुढे जात नाही. ‘ओव्याचं पाणी प्या, रक्तातले जंतू मारा’ असे निरोप फोनवर फिरतात, त्यांना हा हिशेब दाखवावा. न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग ओव्यावर काढणं धोक्याचं आहे.

पोटाची गोष्ट वेगळी. तिथे ओवा थेट पोचतो. कराचीतल्या संशोधकांनी 2005 मध्ये सशाच्या आतड्याच्या तुकड्यांवर ओव्याचा अर्क वापरला, तेव्हा आवळलेले स्नायू सैल पडले. स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरण्याची वाट त्याने अडवली होती. जड जेवणानंतर काळ्या मिठाबरोबर ओवा चावून खाल्ला की पोटातला मुरडा उतरतो, तो असाच काहीसा उतरत असणार. बाळंतिणीच्या जेवणानंतरच्या विड्यात ओवा, बडीशेप, बाळंतशोपा घालणाऱ्या बायकांनी त्याला जागा दिली ती पोटासाठीच, आणि ती निवड मला अगदी नेमकी वाटते.

कुंडीत लावतात तो भज्यांचा पानओवा मात्र तुळशीच्या कुळातला. त्याच्या वासातला कार्व्हाक्रॉल हा थायमॉलचाच भाऊबंद; अणू तेवढेच, मांडणी थोडी वेगळी. म्हणून नाकाला दोन्ही सारखे वाटतात.

आता अमृतधारेबद्दल. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत घातले की तिन्ही घन पदार्थ बघता बघता पातळ होतात. एकत्र आल्यावर त्यांचा वितळण्याचा बिंदू खाली येतो. घरोघरी असलेली ही बाटली मोठ्यांनी थेंबातच वापरावी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. अमृतधारा तान्ह्या बाळाच्या नाकाजवळही नेऊ नये. ओव्याचं फूल नुसतं कधीच खाऊ नये, त्याने तोंड आणि घसा पोळतो. गरोदरपणात भाजी-पराठ्यातला ओवा चालतो, अर्क आणि फूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पुढच्या भागात वेखंड. बाळाच्या बाळगुटीत ते उगाळलं जातं, आणि अमेरिकेने 1968 मध्ये ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. त्यातलं बीटा-असारोन नेमकं काय करतं, ते पाहू.