लष्कराला भाड्याने दिलेली जागा : उत्पन्न पक्के, पण मालकी कोणाची?

समृद्धी महामार्गात मंगरूळपीर तालुक्यातील ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या हाती एकरकमी पैसा आला. कोणी दुसरीकडे शेत घेतले, कोणी घर बांधले, काहींची रक्कम अजून पडून आहे. ज्यांना व्याज नको, ते भाड्याचे उत्पन्न शोधतात. आसेगावात आमच्या कापड दुकानावर असेच एक जुने गिऱ्हाईक आले. एका दलालाने त्यांना छावणीतला बंगला दाखवला होता. म्हणाले, "चाचा, भाडेकरू लष्कर आहे. भाडे बुडण्याचा सवालच नाही."

हा विचार अगदीच वेडेपणाचा नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर हा कारोबार उघडपणे चालतो. 1945 च्या लढाईनंतर अमेरिकी फौजेने तेथे शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन तळ उभारले. 1972 मध्ये बेट जपानकडे परत आले. तेव्हापासून जपान सरकार मालकांशी भाडेकरार करते, दरसाल भाडे देते आणि जागा अमेरिकी फौजेला वापरायला देते. या जमिनी विकल्याही जातात. भाव वार्षिक भाड्याच्या पटीत ठरतो. समजा भाडे 1 लाख आणि पट 40, तर किंमत 40 लाख. म्हणजे उत्पन्न शेकडा अडीच. तळ हलणार नाही अशी खात्री जितकी जास्त, तितकी पट मोठी आणि हाती येणारा टक्का लहान.

पण तिथेही मालकाला आपल्या जमिनीवर पाय ठेवता येत नाही. 1995 मध्ये करार नको म्हणणाऱ्या मालकांच्या वतीने सही करायला गव्हर्नर ओता यांनी नकार दिला. 1997 मध्ये जपानच्या संसदेने कायदाच बदलला. मुदत संपली तरी वापर चालू राहू शकतो असे ठरले. भाडेकरू इतका मोठा असला की करार त्याच्या सोयीने चालतो.

आपल्याकडे तर मामला उलटा आहे. संरक्षण खात्याची स्वतःची जमीनच सुमारे 18 लाख एकर आहे. खासगी जागा भाड्याने घेतली जाते, पण गरजेपुरती. पुणे, कामठी, देवळाली अशा छावण्यांतील कितीतरी जुने बंगले 'ओल्ड ग्रँट' या इंग्रजी अमदानीतल्या हक्काचे आहेत. त्यात भिंती आणि छप्पर राहणाऱ्याचे, जमीन सरकारची. सरकार एक महिन्याची नोटीस देऊन जागा परत घेऊ शकते आणि भरपाई मिळते ती मंजूर बांधकामाची, जमिनीची नाही. दलाल मात्र भाव जमिनीसकट सांगतो! म्हणून अशा सौद्यात छावणीच्या जनरल लँड रजिस्टरचा उतारा आधी पाहावा. मालकीच्या रकान्यात भारत सरकार लिहिलेले असेल तर तुम्ही जमीन विकत घेत नाही, फक्त कब्जा घेता.

दुसरा प्रकार नगर जिल्ह्यातील के. के. रेंजचा. तेथे नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतील गावांच्या खासगी जमिनी 1938 च्या कायद्याखाली गोळीबाराच्या सरावासाठी अधिसूचित झाल्या. सातबारा शेतकऱ्याचाच राहिला. कायद्याने मिळते ती नुकसानीची भरपाई. त्याला भाडे म्हणता येत नाही. 2020 मध्ये जमीन कायमची घेतली जाणार अशी चर्चा उठली आणि गावे हादरली. पुलगावसारख्या दारूगोळा डेपोजवळचा प्लॉट कोणी "पुढेमागे लष्कर घेईल" म्हणून दाखवला, तर 1903 च्या कायद्याची आठवण ठेवावी. संरक्षण कामांजवळच्या जमिनीवर त्याखाली बांधकामबंदी लागू करता येते.

आणखी एक गोष्ट. फोनवर स्वतःला फौजी अधिकारी म्हणवून घर भाड्याने मागणारे आणि ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे भामटे देशभर आहेत. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही.

भाड्याचेच उत्पन्न हवे असेल तर ज्यात जमीन आपल्या नावावर राहते तो मार्ग पाहावा. 2023 मध्ये वाढवलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल 3 टक्के वाढ ठेवली आहे. मुदत लांब आहे, तोवर जमीन पिकाखाली येणार नाही. म्हणून विहिरीचे काळे रान त्यात घालू नये, बरड असेल तेच द्यावे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो. भाडे कोण देणार, कंपनी की महावितरण, आणि प्रकल्प दुसऱ्याच्या हाती गेला तर काय, ही कलमे वकिलाकडून वाचून घ्यावीत.

आमच्या गिऱ्हाइकाने दलालाकडे रजिस्टरचा उतारा मागितला आहे. दलाल म्हणतो, आधी बयाणा द्या.