टोकावरचं बालपण

बसा सगळे. आज हत्ती नाही आणि देवमासाही नाही. आजच्या गोष्टीतला प्राणी तुमच्या नखावर ठेवला तर रेती समजून तुम्ही फुंकर मारून उडवून द्याल. खसखशीच्या दाण्याएवढा जीव. पण त्याला शंख आहे, शंखाला वेटोळी आहेत, तोंडाला झाकण आहे. आत डोळे, पाय, हृदय आणि बारीक दातांच्या रांगाच रांगा असलेली जीभ. ही समुद्रातली गोगलगाय. पिल्लू नव्हे हं, चांगली वयात आलेली, अंडी घालणारी.

नकाशा उघडा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅसिफिकमध्ये, हा लांबट तुकडा दिसतो ना, तो न्यू कॅलेडोनिया. त्याच्या वायव्य किनाऱ्यावर कूमाक नावाचं गाव आहे. १९९३ साली पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयातले फिलिप बुशे आपली माणसं घेऊन तिथं उतरले. त्यांनी ठरवलं, सगळं जग धुंडाळायचं नाही. समुद्राचा एकच तुकडा घ्यायचा आणि तो पिंजून काढायचा. तुकडा किती? २९५ चौरस किलोमीटर, आपल्या मुंबईच्या साधारण निम्मा. त्यात ४२ ठिकाणी त्यांनी चिखल, वाळू, प्रवाळ, समुद्रगवत सगळं तपासलं. एकट्या माणसाला ४०० दिवस पुरलं असतं एवढं काम झालं. शंख-शिंपल्यांचे नमुने निघाले १,२७,६५२ आणि जाती भरल्या २,७३८! संपूर्ण भूमध्य समुद्रात आजवर सापडलेल्या जातींपेक्षा जास्त, आणि त्या समुद्रात तर माणसं दोन हजार वर्षांहून अधिक काळ शिंपले वेचताहेत.

हा हिशेब २००२ साली छापून आला. त्यातले दोन आकडे मला फार आवडतात. एक, दर तीन जातींतली एक जात पूर्ण वाढूनही ४.१ मिलिमीटरपेक्षा लहान. आणि दुसरा, दर पाच जातींतली एक अशी की सव्वा लाख नमुन्यांत तिचा एकच, फक्त एकच नमुना.

मग इतकी वर्षं त्या कुणाला दिसल्या कशा नाहीत? अरे, बघायचं कोणी मनावर घेतलं तर ना! दोनशे वर्षं शंख गोळा करणाऱ्यांना हवे होते मोठे, चकाकते, कपाटात मिरवता येणारे शंख. ह्यू कमिंग नावाचा एक इंग्रज होता, जहाजांची शिडं शिवणारा. त्यानं १८२०च्या दशकात स्वतःचं जहाज बांधून पॅसिफिकची बेटं पालथी घातली, पुढं फिलिपिन्स गाठलं. त्याच्या मागे, १८६६ साली, त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमनं ६,००० पौंडांना घेतला. अशा बाजारात मिलिमीटरभराच्या गोगलगायीला कोण विचारतो!

ती पकडायची युक्ती ऐका. पाणबुडे प्रवाळाचे मोडके तुकडे बारीक जाळीच्या टोपलीत घालतात आणि ब्रशनं खसाखसा घासतात. जे झडतं ते खालच्या जाळीत. काही ठिकाणी पाण्याखाली वापरायचा व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा असतो, तो पाणबुड्याच्या हवेच्या टाकीवर चालतो. फिलिपिन्समधल्या कोळ्यांची रीत तर याहून नामी. जुन्या जाळ्यांचे गुंडाळे करून ते खोल उतारावर सोडतात आणि महिनोन्महिने विसरून जातात. त्या गुंत्यात बारीक जीव बिऱ्हाड करतात. मग गुंडाळा वर ओढायचा आणि झटकायचा. याला ते ‘लुमुन-लुमुन’ म्हणतात. मोठमोठ्या जहाजांवरून यंत्रं घेऊन आलेल्या शास्त्रज्ञांनी ही विद्या तिथल्या कोळ्यांकडून घेतली, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

वर आणलेला गाळ चाळण्यांतून चाळतात. शेवटची चाळणी अर्ध्या मिलिमीटरची. जिवंत गोगलगायी हव्या असतील तर तो गाळ समुद्राच्या पाण्यात तसाच ठेवतात. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की बिचाऱ्या आपण होऊनच भांड्याच्या कडेनं वर चढतात. नाहीतर गाळ वाळवायचा, भिंगाखाली चिमूटचिमूट पसरायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक शंख उचलायचा. पाठ मोडते, डोळे भरून येतात. विज्ञानाच्या पुस्तकात या कामाला एक ओळसुद्धा मिळत नाही.

आता समजा, तुमच्या कुंचल्याच्या टोकाला एक शंख लागला. असा शंख तुम्ही कधी पाहिलेला नाही. नवी जात सापडली म्हणून नाचायचं?

“हो!” म्हणतेय धाकटी. थांब गं. आधी मला सांग, हे बुटकं मोठं माणूस आहे की उंच व्हायचं राहिलेलं पोर? मोठ्या जातीच्या शंखाचं पिल्लूही एवढंसंच असतं, आणि पिल्लू आईसारखं दिसेलच असं नाही. पिल्लाला नवी जात समजून नाव देऊन बसलेले शास्त्रज्ञ इतिहासात पुष्कळ. म्हणून आधी शंखाचं तोंड बघायचं. वाढ थांबली की पुष्कळ जातींत तोंडाची कड जाड होते, दुमडते, कधी आत दात येतात. पिल्लाची कड पातळ आणि कोरीच.

आणि मग बघायचं टोक. खरी गंमत तिथं आहे.

शंख वाढतो फक्त तोंडाच्या बाजूनं. गोगलगाय कडेला नवा चुना लावत जाते आणि वेटोळं पुढं सरकतं. म्हणजे टोकाचा भाग सगळ्यात जुना. अंड्यात असताना आणि अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली असताना तिनं जो पहिला इवलासा शंख केला, तोच टोकावर बसलेला असतो. माणसाचे दुधाचे दात पडतात, सापाची कात गळते. गोगलगाय मात्र आपलं बालपण जन्मभर माथ्यावर घेऊन हिंडते. टोक झिजलं नसेल तर ते वाचता येतं.

काय वाचायचं? काही गोगलगायींची पोरं अंड्यातून निघून थेट समुद्रात तरंगायला लागतात. त्यांना पंखांसारखे पडदे असतात, पडद्यांच्या कडेला हलणारी लव असते. त्या लवेनं पोहायचं आणि तिनंच पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती तोंडाकडं ओढायच्या. आठवडे, कधी महिने असेच जातात. अशा पोराचं टोक बारीक असतं, त्याची दोन-तीन किंवा जास्तच घट्ट वेटोळी असतात, आणि जिथं ते तळाशी उतरून गोगलगाय झालं तिथं शंखावर स्पष्ट रेघ उमटलेली असते. दुसऱ्या जातींत आई मोजकीच अंडी घालते, पण त्यांत भरपूर बलक भरते. पोर आतच वाढतं आणि बाहेर येतं ते चालतच. त्याचं टोक मोठं, बोथट, गोलसर, जेमतेम एका वेटोळ्याचं. गुन्नर थॉरसन या डॅनिश शास्त्रज्ञानं १९५०च्या सुमाराला हा नियम मांडला, आणि बारीकसारीक अपवाद सोडले तर तो आजही चालतो.

आता हे बेटांना लावून बघा. थोरल्यानं मघाशी विचारलं होतं, मिलिमीटरभराची गोगलगाय महासागराच्या मधोमध असलेल्या बेटावर पोहोचली कशी? बारीक टोकाची असेल तर उत्तर सोपं. ती लहानपणी प्रवाहाबरोबर वाहत आली. रुडॉल्फ शेल्टेमा नावाच्या अमेरिकी संशोधकानं भर समुद्रात जाळी टाकून दाखवलं, की काही गोगलगायींची पोरं अख्खा अटलांटिक ओलांडण्याइतकी टिकतात. पुढं पॅसिफिकच्या बेटांभोवतीही त्यानं हाच शोध चालवला.

म्हणून असं होतं बघा. बारीक टोकाचा अनोळखी शंख सापडला की अनुभवी माणूस लगेच सावध होतो. ही बया हिंडणारी आहे! हिला तांबड्या समुद्रातून किंवा हवाईतून कोणीतरी आधीच नाव दिलेलं असेल. सगळी जुनी पुस्तकं चाळावी लागणार. आणि टोक बोथट निघालं तर मात्र छाती धडधडते. हिची पोरं पोहत नाहीत. हिचं अख्खं कूळ कदाचित याच बेटाभोवती असेल, जगात दुसरीकडं कुठंही नाही.

पण मग बोथट टोकाची पहिली आजी तिथं आली कशी? बहुतेक कशाला तरी चिकटून, ओंडक्यावर किंवा शेवाळाच्या जुड्यावर. पॅसिफिकमध्ये आणखी एक वाहन आहे, तरंगणारा दगड! २००६ साली टोंगाजवळ समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला, त्यातून हलक्या सच्छिद्र दगडांचे तांडे निघाले आणि सात-आठ महिन्यांत पाच हजार किलोमीटर वाहत ऑस्ट्रेलियाला लागले. त्यांच्यावर ८०हून जास्त जातींचे जीव स्वार होते. लाखो वर्षांत अशी एखादी फेरी गोगलगायीच्या वाट्याला आली तरी पुरे.

आणि काही पठ्ठ्या तर बालपणाचा पुरावाच टाकून देतात. सीकम नावाच्या गोगलगायी सुरुवातीला नेहमीसारखा वळणदार शंख करतात, मग सरळ नळी वाढवू लागतात. नळी पुरेशी झाली की मागं बूच बसवतात आणि वळणदार टोक गळून पडतं. उरते दोन-तीन मिलिमीटरची किंचित वाकडी नळी. भिंगाखाली नवशिका तिला किड्याचं घर समजून बाजूला सारतो.

चार्ल्स हेडलीनं सारली नाही. हा दमेकरी इंग्रज हवापालटासाठी ऑस्ट्रेलियाकडं आला आणि सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये शंखांचा जाणकार झाला. १८९६ साली तो फुनाफुटीला गेला. फुनाफुटी म्हणजे आजच्या तुवालू देशाची राजधानी, समुद्रातलं प्रवाळाचं कडं. तिथं चालला होता दुसराच उद्योग. डार्विन म्हणाला होता, ज्वालामुखीचं बेट हळूहळू बुडत जातं आणि प्रवाळ वर वर वाढत राहतं. ते खरं की खोटं हे बघायला लंडनच्या रॉयल सोसायटीची मंडळी बेटाला भोक पाडत होती. दोन वर्षांनी १,११४ फुटांपर्यंत पोहोचले, तरी खाली प्रवाळाचाच चुनखडक. जगाचं लक्ष त्या भोकाकडं. हेडली आपला किनाऱ्यावरची रेती भरून घेत होता. १८९९ साली त्यानं फुनाफुटीच्या शंखांवर जे छापलं, त्यात बारक्या बारक्या नव्या जाती होत्या, आणि एक नळीवाली सीकमही. ती त्या समुद्रात आजही त्याच्याच नावावर आहे.

त्याच दशकात आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरचे शंखही इंग्लंडला गेले होते बरं का. अलेक्झांडर अ‍ॅबरक्रॉम्बीनं वेचलेल्या शंखांतून जेम्स मेल्व्हिलनं १८९३ साली २५ नव्या जाती वर्णिल्या.

तर आपला शंख. टोक पाहिलं, तोंड पाहिलं. आता त्याच्यावर सोन्याचा पातळ थर चढवतात आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढतात. खरं सोनं, हो! जीभ वेगळी काढून तिचे दात मोजतात, कारण दातांवरून कूळ कळतं. डीएनए हवा तर आतला जीव काढावा लागतो. त्यासाठी पॅरिसच्या मंडळींनी एक शक्कल लढवली. गोगलगाय काही सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची, की मांस शंखापासून सुटतं. आजीच्या मायक्रोवेव्हमध्ये कोणी हा प्रयोग करायचा नाही. अगदी बारक्यांना मात्र बऱ्याचदा शंख फोडण्यावाचून इलाज नसतो, म्हणून फोटो आधी. आणि किती तरी जातींचे नुसते रिकामे शंखच हाती येतात. जीव कसा होता, काय खात होता, कोणालाच पाहायला मिळालेलं नसतं.

एक नमुना निवडून त्याला होलोटाइप करतात. पुढं कधी वाद झाला तर साक्ष त्याची. तो जपायचा म्हणजे काम आहे. लाकडी कपाटातून निघणारी आम्लाची वाफ शंखाला खाते आणि त्यावर पांढरी भुकटी धरते. लॉफ्टस बाइन नावाच्या गृहस्थानं १८९९ साली तो जंतूंचा रोग ठरवला. ते चूक निघालं, पण रोगाला नाव त्याचंच राहिलं. मोठ्या शंखाचा थोडा पृष्ठभाग गेला तर चालतं. खसखशीएवढ्याचं सगळंच जातं.

या सगळ्याला वेळ किती लागतो? एका अभ्यासात, २००७ साली जाहीर झालेल्या जातींपैकी ६०० निवडून हिशेब केला. नमुना हाती आल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं! समुद्रातून काढणारा तोवर म्हातारा. कूमाकच्या कित्येक जाती अजून नुसत्या क्रमांकावर पडून आहेत. यात समुद्राचा काही दोष नाही. शंख ओळखणारी माणसं थोडी, आणि त्यांना पगार देणारी संग्रहालयं त्याहून थोडी. ज्या बेटांच्या रेतीतून हे सगळं निघतं, त्यांचे होलोटाइप पॅरिसला, लंडनला, सिडनीला. आता बेटांची सरकारं परवान्याशिवाय नमुने नेऊ देत नाहीत, आणि मला तरी त्यांचं बरोबर वाटतं.

“शोधणाऱ्यानं स्वतःचंच नाव दिलं तर?” नियमात बंदी नाही, पण शहाणी माणसं देत नाहीत, हसतात लोक. बेटाचं, मित्राचं, बायकोचं देतात.

आणि दिलेलं नाव टिकेलच असंही नाही. प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ सालापासून, लिनियसच्या पुस्तकापासून धरतात, आणि आधी छापलेल्याचा मान पहिला. उद्या कोणी हेडलीचा जुना होलोटाइप भिंगाखाली घेऊन दाखवून दिलं, की ही तीच गोगलगाय, तर आपलं नाव बाद.

“मग एवढे कष्ट फुकट?” नाही गं. तेव्हा कळतं, की फुनाफुटीची गोगलगाय दोन हजार किलोमीटरवरच्या न्यू कॅलेडोनियातही आहे. आणि ती तिथवर गेली कशी, हे बघायला तिचं टोक पुन्हा भिंगाखाली जातं.