पाटी आणि परवाना

सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकातून पुढे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना डॉक्टरांच्या पाट्यांची रांग लागते. दंतवैद्य, बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ. प्रत्येकाच्या नावाखाली पदवी आणि बहुधा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक आपण कधी पडताळून पाहत नाही. पण तो पडताळता येतो, एवढ्या विश्वासावर आपण जिना चढतो. अलीकडे या रांगेत ‘समुपदेशन केंद्र’ अशीही पाटी अधूनमधून दिसू लागली आहे. तिच्याखाली कोणता क्रमांक असावयास हवा, हे मात्र वाचणाऱ्याला ठाऊक नसते. आणि पुष्कळदा पाटी लावणाऱ्यालाही नसते.

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो एका विद्यार्थिनीच्या वडिलांमुळे. गृहस्थ तालुक्याच्या गावी एका कचेरीत कारकून आहेत. मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षेच्या सुमारास तिची झोप गेली, जेवण तुटले, महाविद्यालयात येणे बंद झाले. मनोविकारतज्ज्ञांनी औषध दिले आणि त्याबरोबर सल्ला दिला, की आठवड्यातून एकदा तिने प्रशिक्षित व्यक्तीशी बोलावे, त्या व्यक्तीने घरच्यांशीही बोलावे. येणे-जाणे जमत नसेल तर हे काम ऑनलाइनही होऊ शकेल. वडिलांनी मोबाइलवर शोध घेतला, सहा बैठकांचे पैसे आगाऊ भरले, आणि दोन बैठकांनंतर कळले की पलीकडच्या बाईंचे एकूण प्रशिक्षण काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रापुरते आहे. पैसे परत मिळाले नाहीत. त्यांचे दुःख पैशाचे नव्हते. ‘सर, पोरगी आता दुसऱ्या कोणाशी बोलायलाच तयार नाही,’ एवढेच ते म्हणाले. ‘तुम्ही शिकलेली माणसं. खात्रीचा माणूस ओळखायचा कसा, ते तेवढं सांगा.’

मला सांगता आले नाही. म्हणून मी स्वतः शोधू लागलो.

शब्द परका, गरज आपली

मोबाइलवर असा शोध घेऊ जाता प्रथम भेटते ते अमेरिकेतील नामाभिधान: लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर. तेथे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, देखरेखीखाली केलेले काही वर्षांचे काम आणि परीक्षा, एवढे झाल्यावर त्या त्या राज्याचे मंडळ परवाना देते. परवाना चालू आहे की नाही, हे कोणाही नागरिकाला घरबसल्या पाहता येते. सर्वसाधारण नियम असा, की ज्या राज्यात रुग्ण बसला आहे, त्या राज्याचा परवाना उपचारकाकडे हवा. त्यामुळे न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाला मायबोलीत बोलणारा जाणकार हवा असेल, तर केवळ भाषा जुळून भागत नाही, परवान्याची हद्दही जुळावी लागते. ही हद्द जाचक आहे खरी. पण हद्द आहे म्हणूनच जबाबदार कोण, हेही ठरलेले आहे.

आपल्याकडे या व्यवसायाचे मूळ बरेच जुने आहे. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. १९४४ पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली, ती देशातील पहिली मानली जाते. सरकारी रुग्णालयांतील ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद याच परंपरेतले. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातही मनोविकार समाजकार्यकर्त्याला, ज्याला रुग्णालयात सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणतात त्याला, स्थान देण्यात आले आहे.

हा मनुष्य औषध लिहून देत नाही. ते मनोविकारतज्ज्ञाचे काम. मानसशास्त्रीय चाचण्या हे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे क्षेत्र. समाजकार्यकर्ता रुग्णाकडे त्याच्या घरासकट पाहतो. बाप बोलतो कसा, सासर काय म्हणते, नोकरी टिकेल काय, कर्ज किती, सरकारी सवलत कोणती मिळेल, हे सारे त्याच्या उपचाराचा भाग असते. नगरजवळच्या शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानात रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा मिळतो. त्या स्त्रियांचा आजार मनाचा होता, हे खरे. परंतु त्यांना रस्त्यावर आणले ते तुटलेल्या नात्यांनी. ती नाती तुटण्यापूर्वीच तेथे पोचणारा जाणकार, अशी या व्यवसायाची सोपी व्याख्या करता येईल.

बैलाचे दात आणि मनाचा सौदा

आता माझ्या विषयाकडे वळतो. घोडेगावच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात मोजतो, जनावर चालवून पाहतो, मगच रुमालाखाली हात घालतो. मालाची पारख त्याला असते. याउलट, ज्या बाजारात विकणाऱ्याला मालाची माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते, तेथे काय घडते, याचे विवेचन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली एका निबंधात केले. २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. चांगली-वाईट गाडी ओळखता येत नसल्यामुळे गिऱ्हाईक सरसकट मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि उरतो तो निकृष्ट माल. केनेथ अ‍ॅरो यांनी त्याआधीच, १९६३ साली, दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेच्या बाजारात ही विषमता विशेष तीव्र असते. म्हणूनच तेथे परवान्यासारख्या व्यवस्था निर्माण होतात.

मनाच्या उपचारात तर अडचण दुहेरी आहे. दात दुखायचा थांबला की दंतवैद्याची परीक्षा होते. येथे आठ बैठकांनंतरही बरे वाटले नाही, तर दोष आजाराचा, उपचारकाचा की आपलाच, हे रुग्णाला कळत नाही. आणि खचलेला रुग्ण बहुधा तो स्वतःकडे घेतो. अशा गिऱ्हाइकाला ‘बाजारात पारखून घ्या’ असे सांगणे ही थट्टा आहे. हसरे छायाचित्र, चांदण्यांची संख्या आणि सवलतीचा दर यांवरून त्याने निवड केली, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. त्याच्यापुढे दुसरी माहितीच ठेवलेली नाही.

कायदा काय म्हणतो?

वस्तुतः ही माहिती पुढे ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या दिलेली आहे: समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल. याच कायद्याने प्रत्येक राज्याच्या प्राधिकरणावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका आणि समाजकार्यकर्ते यांची नोंदणी करून यादी प्रसिद्ध करण्याचे काम सोपविले आहे. केंद्रीय प्राधिकरणाने राष्ट्रीय नोंदवही ठेवावी आणि ती इंटरनेटवरही प्रसिद्ध करावी, असे त्यात म्हटले आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याच्या अनुसूचीत तर ‘क्लिनिकल’ आणि ‘सायकियाट्रिक’ समाजकार्यकर्ता ही दोन्ही नावे स्पष्टपणे आली आहेत.

म्हणजे उणीव कायद्याची नाही. मात्र कायद्यात नोंदवही असणे आणि ती गरजवंताच्या हाती पोचणे यांत अंतर आहे. त्या कारकुनाला अशी नोंदवही असते, हे कोणी सांगितले नव्हते. मी वर्गात माहितीच्या विषमतेवर व्याख्याने देतो. मलाही ते ठाऊक नव्हते.

दुसरी अडचण शिक्षणाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम. फिल. ही पदवी बंद केली. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती प्रवेशाची मुभा पुढे २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत देण्यात आली. कायद्याची व्याख्या ज्या पदवीवर उभी आहे, तीच पदवी मुदतीवर जगत आली. आमच्या नगरमध्ये सीएसआरडीसारखी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आहे. पण तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणाने या शाखेत पुढे जाण्यासाठी बंगळूर, रांची, तेजपूर अशा दूरच्या संस्थांकडे पाहावयाचे, आणि तेथेही उद्या कोणती पदवी ग्राह्य ठरेल याची चिंता करावयाची, ही स्थिती पुरवठा वाढविणारी नव्हे.

अंतर आणि आडपडदा

पुरवठ्याचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात अधिकच बोचतो. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५ लाखांवर. अकोल्याहून वा जामखेडहून दर आठवड्याला नगरला येणे म्हणजे एस. टी. चे भाडे आणि दोन माणसांचा बुडालेला दिवस. बैठकीचे शुल्क हजार रुपये धरले, तर महिन्याचे चार हजार होतात; प्रवास आणि बुडीत रोजगार वेगळाच. कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या धर्तीवर विमा द्यावयास सांगितले आहे. परंतु आपल्याकडील विमा मुख्यतः रुग्णालयातील मुक्कामाभोवती बांधलेला असल्याने आठवड्याच्या तासाभराच्या संवादाला तो फारसा उपयोगी पडत नाही. देशातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निरनिराळ्या आजारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. त्यामागे लाजेइतकाच हा हिशेबही असला पाहिजे.

म्हणून ऑनलाइन उपचाराला नाके मुरडण्याचे कारण नाही. जिन्यावर ओळखीचे कोणी भेटेल, ही धास्ती त्यात उरत नाही. मात्र दोन खोल्यांच्या घरात मुलीने बोलावयाचे कोठे? भिंतीपलीकडे आजी, दाराशी भाऊ. गोपनीयता हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. पण त्या तासाला घरच्यांनी अंगणात जाऊन बसणे, हे कायदा करू शकत नाही. ते घरानेच करावयाचे असते. शिवाय जिवावर बेतण्याचा प्रसंग पडद्यावरून निभावता येत नाही. तेथे जवळचे रुग्णालय आणि जवळचे माणूसच हवे.

तूर्त काय करावे?

त्या गृहस्थांना मी अखेर चार प्रश्न लिहून दिले. आपली पदवी कोणती आणि कोणत्या विद्यापीठाची? आपली नोंदणी कोणत्या प्राधिकरणाकडे, क्रमांक काय? अडचणीच्या वेळी कळविण्यासाठी आपण आमचा पत्ता आणि जवळच्या नातेवाइकाचा दूरध्वनी मागून घेता काय? आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण आपण कोणाकडे पाठविता? खरा जाणकार या प्रश्नांनी रागावत नाही. सहा बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला हे आधी विचारावे, मग खिशात हात घालावा. पहिला आधार म्हणून १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य आणि मराठीतही मिळते. एकाच व्यक्तीबरोबर दीर्घकाळ चालणाऱ्या उपचाराची जागा ती घेऊ शकत नाही. पण मध्यरात्री उचलला जाणारा दूरध्वनी ही लहान गोष्ट नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले आहे. आता शेकडो संस्था एकाच वेळी या बाजारात उतरतील. नोंदवही त्यांच्या हाती नसेल, तर त्यांचीही गत त्या कारकुनासारखीच होईल. फरक एवढाच, की चुकीच्या निवडीची किंमत संपूर्ण महाविद्यालय मोजील.

म्हणून मागणी साधी आहे. नोंदवही तालुकावार, भाषेसह आणि ऑनलाइन सेवेच्या उल्लेखासह मराठीत प्रसिद्ध व्हावी. ती तहसील कचेरीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागावी. यास धरण बांधण्याइतका खर्च येत नाही. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिचे हे शुद्ध उदाहरण आहे: एकदा तयार केली की एकाने वापरल्याने दुसऱ्याला कमी पडत नाही.

ती मुलगी अद्याप वर्गात आलेली नाही. वडील अधूनमधून दूरध्वनी करतात. परवा म्हणाले, नवीन ठिकाणी चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली. आता ती स्वतः बोलायला केव्हा तयार होते, याची वाट पाहत आहोत. हजेरीपटावरचे तिचे नाव मी अजून रोज पुकारतो.